निसर्गोपचार : सामर्थ्य आणि मर्यादा

निसर्गोपचार हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटातील मंडळी म्हणतात, "औषध म्हणजे विष, माती, पाणी आणि उपवास यांनी बरा होणार नाही असा रोगच नाही." दुसऱ्या तटातील मंडळी हसून म्हणतात, "चिखल फासून का कोठे रोग बरे होतात?" या व्याख्यानात मला दोन्ही तटांना थोडे थोडे नाराज करावयाचे आहे. निसर्गोपचाराचे खरे सामर्थ्य पहिल्या तटाला वाटते त्याहून निराळ्या ठिकाणी आहे, आणि दुसऱ्या तटाला वाटते त्याहून पुष्कळ मोठे आहे. ते कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे सामान्य गृहस्थाला कळले पाहिजे. ते न कळल्यास पैसा जातो, आणि कधी कधी माणूसही जातो.

विषयाच्या आरंभासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या इंदापुरावरून पुण्याकडे जो सोलापूर रस्ता जातो, त्याच रस्त्यावर पुण्याच्या अलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर उरुळीकांचन हे गाव आहे. २२ मार्च १९४६ रोजी महात्मा गांधी या गावी मुक्कामाला आले आणि ३० मार्चपर्यंत तेथे राहिले. दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे होते. त्याच आठवड्यात, २४ मार्चला, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बोलणी करण्यासाठी ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ दिल्लीत उतरले. सगळ्या देशाचे डोळे दिल्लीकडे लागलेले, आणि ज्यांच्या शब्दाची दिल्ली वाट पाहत होती तो पुरुष उरुळीत शेतकऱ्यांच्या जिभा आणि पोटे तपासत बसला होता!

गांधीजी तेथे का गेले हेही समजून घेण्यासारखे आहे. पुण्यात तोडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. १९४५ साली त्याच्या आधाराने गांधीजींनी निसर्गोपचाराचा एक न्यास स्थापन केला. गरिबांसाठी तेथेच मोठी संस्था उभी करावी असा प्रथम विचार होता. परंतु थोड्याच दिवसांत त्यांना आपली चूक उमगली, आणि ती त्यांनी उघडपणे कबूलही केली. खेड्यातला गरीब माणूस शहरातल्या संस्थेत येणार नाही; संस्थेनेच खेड्यात गेले पाहिजे. म्हणून उरुळी.

उरुळीत आलेल्या रोग्यांना त्यांनी काय सांगितले? बहुतेकांना थोड्याफार फरकाने एकच : रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान आणि घर्षणस्नान, दूध-ताक-फळे असा साधा आहार, आणि भरपूर स्वच्छ पाणी. त्याबरोबर गावाची सफाई. या यादीत पुडी नाही, बाटली नाही. निरनिराळ्या रोगांना एकच उपाय कसा, अशी शंका येथे सहज उद्भवते. या शंकेचे उत्तर मिळाले म्हणजे निसर्गोपचाराचे मर्म हाती येते.

आधुनिक निसर्गोपचार हा मुळात युरोपातून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियन सिलेशियात प्रीसनिट्झ नावाच्या शेतकऱ्याने थंड पाण्याच्या उपचारांचा प्रसार केला. पुढे बव्हेरियात क्नाइप या धर्मगुरूने त्यात भर घातली. आणि जर्मनीतील लायप्झिग शहरी लुई कूने याने कटिस्नान लोकप्रिय केले. गांधीजींनी कूने आणि आडोल्फ युस्ट यांची पुस्तके दक्षिण आफ्रिकेत वाचली आणि स्वतःवर प्रयोग केले. कूनेचे म्हणणे असे की सर्व रोग मुळात एकच; शरीरात विजातीय द्रव्य साठते, तेच निरनिराळ्या रूपांनी बाहेर पडू पाहते. म्हणून रोग अनेक, तरी उपाय एक.

हा सिद्धांत आज टिकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. क्षयाचे जंतू निराळे, हिवतापाचे परोपजीवी निराळे, मधुमेहाची घडण निराळी. तथापि सिद्धांत चुकला म्हणून त्याच्या आधाराने चाललेला सारा आचार फोल ठरत नाही. कूनेच्या मताखाली एक खरी गोष्ट दडलेली होती : शरीर स्वतःला दुरुस्त करते. मोडलेले हाड प्लास्टर सांधत नाही. प्लास्टर ते नुसते जागेवर धरते, सांधते ते शरीर. सर्दी, अंगदुखी, साधे अपचन, थकव्याची डोकेदुखी ही दुखणी बहुधा चार-आठ दिवसांत आपोआप ओसरतात. अशा वेळी विश्रांती, हलका आहार, पाणी आणि थोडा धीर एवढेच लागते. खेड्यात तेव्हा येणारी किती तरी दुखणी याच जातीची असत; म्हणून एकाच यादीने अनेकांना आराम पडला तर त्यात नवल नाही.

मात्र येथेच एक फसगत आहे. आपल्याकडे कावीळ उतरविणारे असतात. ते चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुतात, पाणी पिवळे होते, आणि कावीळ उतरली असे सांगतात. पाणी पिवळे होते ते हातास चोळलेल्या द्रव्याची चुन्याशी क्रिया होऊन. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय उतरविणाऱ्याला मिळते. परंतु दहांत एखादी कावीळ त्या जातीची नसते. पित्ताचा मार्ग खड्याने अडलेला असतो, किंवा यकृतच निकामी होत असते. त्या रोग्याचे दिवस चुन्याच्या पाण्यात वाहून जातात. आपोआप बरे होणे आणि उपायाने बरे होणे यांतील भेद ओळखणे, हा या विषयातला पहिला धडा होय.

आता साधनांकडे वळू. पहिली माती. गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात मातीच्या पट्टीचे मापच दिले आहे : तीन इंच रुंद, सहा इंच लांब आणि अर्धा इंच जाड. ती पोटावर किंवा डोक्यावर ठेवावयाची. तिने गार का वाटते? आपल्या घरच्या माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने. पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते. माती पाणी धरून ठेवते, म्हणून गारवा कापडाच्या घडीपेक्षा जास्त वेळ टिकतो. माती विष ओढून घेते असे जे म्हणतात त्याला आधार नाही. पण तापल्या डोक्याला बरे वाटते हे खरे. एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा : उघड्या जखमेवर माती किंवा शेण कधीही लावू नये. धनुर्वाताचे जंतू तेथेच वस्ती करून असतात.

दुसरे पाणी. कटिस्नानात टबात असे बसावयाचे की पाणी बेंबीपर्यंत येईल, पाय बाहेर कोरडे राहतील, आणि ओटीपोट खडबडीत फडक्याने हलके चोळता येईल. दहा-वीस मिनिटे असे बसल्याने स्वस्थता वाटते. मूळव्याधीच्या ठणक्यावर कोमट पाण्यात बसण्याचा सल्ला आजचे डॉक्टरही देतात. पण पाण्याचा सर्वांत मोठा चमत्कार टबात घडलेला नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा त्यांनी साखर आणि क्षार घातलेले पाणी तोंडाने पाजावयास सुरुवात केली. शंभरांत तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्याही खाली आले. हा उपाय आज घरोघरी करता येतो : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. वस्तू स्वयंपाकघरातल्या, पण माप शास्त्राचे. मीठ जास्त झाले तर हेच पाणी मुलाला घातक ठरते. घरगुती उपाय आणि शास्त्र हे वैरी नव्हेत, याला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

तिसरे ऊन. सूर्यकिरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, आणि त्यावाचून हाडे भक्कम होत नाहीत. सकाळचे कोवळे ऊन अंगाला सुखाचे खरे, पण हे जीवनसत्त्व निर्माण करणारे किरण त्यात फार थोडे असतात. सोपी खूण अशी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली म्हणजे ते किरण पुरेसे पोचू लागतात. थंडीच्या दिवसांत अशा उन्हात हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे. चैत्र-वैशाखात मात्र हेच ऊन शत्रू होते. तेव्हा थोडक्यात आटोपावे आणि भर दुपार टाळावी.

चौथा व्यायाम. येथे महाराष्ट्राने इतरांना शिकवावे असे काम केलेले आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून केला. ते स्वतः तो व्यायाम नियमाने करीत. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. श्रद्धा असली तरी मोजून पाहिले पाहिजे ही त्यांची वृत्ती फार मोलाची होय. ज्याला यांतले काहीच जमत नाही त्याने चालावे. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, भराभर चालणे हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले किमान माप आहे.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा आहार. येथे आपल्या गावाविषयी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. बावडा हे नीरेच्या काठच्या मुलखातले गाव. नदीच्या पलीकडे सोलापूर जिल्हा, खाली नरसिंहपुराला नीरा-भीमेचा संगम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या दुष्काळी मुलखाला पाणी दिले. मागोमाग ऊस आला, गुऱ्हाळे आली, साखर कारखाने आले. या पाण्याने आपली दैना फिटली याबद्दल दुमत नाही. परंतु मोट हाकणाऱ्या आजोबांचा नातू आज बटण दाबून पाणी देतो, आणि मळ्यात जातो तो मोटारसायकलवरून. भूक मात्र आजोबांचीच राहिली आहे.

थोडा हिशेब करू. आपल्याकडे कोणाच्या दारात पाय ठेवला की चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. चमच्याला चार ग्रॅम धरले तरी चाळीस ग्रॅम झाले. वरून घातलेली साखर दिवसाकाठी पन्नास ग्रॅमच्या आत आणि शक्यतो पंचवीसच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे शिरा-लाडूला हात न लावताच आपण पंचवीसची मर्यादा ओलांडली! यावर पुष्कळांचे उत्तर तयार असते : "आम्ही साखर सोडली, गूळ घेतो, गूळ नैसर्गिक आहे." गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे, पण त्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग साखरच आहे. मधुमेही माणसाच्या रक्ताला गूळ आणि साखर यांतला भेद कळत नाही. ज्या मुलखात दोन्ही पिकतात, तेथल्या लोकांनी तरी 'नैसर्गिक' या शब्दाला भुलू नये.

उलट, जी वस्तू खरोखर उपयोगाची ती आपण गरिबीची खूण म्हणून ताटातून उठवीत आहोत. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, शेवग्याच्या शेंगा, ताक यांत कोंडा, प्रथिने आणि क्षार आहेत. कोंड्यामुळे पोट साफ राहते आणि रक्तातली साखर सावकाश चढते. मिठाचे मात्र उलट आहे. दिवसाला लोणचे, पापड, ठेचा धरून एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, एवढीच मर्यादा.

उपवासाचेही तेच. पोटाला विसावा म्हणून उपवास चांगला. पण साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू आणि वर केळी असा बेत झाला म्हणजे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण खरी ठरते. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून कडक उपवास करूच नये. रक्तातली साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनीही त्या वाटेस जाऊ नये.

आता मर्यादेचा प्रश्न. याविषयी मी पुस्तकी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. मी रोज चालू लागलो, मीठ कमी केले, वजन उतरले; दाबही उतरला. मला वाटले, निसर्गाने काम केले, आता गोळीचे काय काम? कोणाला न विचारता ती बंद केली. चार महिने काहीही झाले नाही. मी ज्याला त्याला निसर्गोपचाराचे गुण सांगत हिंडत होतो. पुढे दुसऱ्याच कारणाने डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी दाब मोजला आणि मला उठू दिले नाही. आकडा पहिल्यापेक्षा वर गेला होता. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. तो मोजल्यावाचून कळत नाही. चालण्याचा वाटा खरा होता, पण गोळीचाही वाटा होता. पुढे डॉक्टरांनीच मोजून मोजून ती गोळी निम्म्यावर आणली. औषध कमी करण्याचा हा योग्य मार्ग होय. आपल्या मनाने सोडणे हा नव्हे.

या बाबतीत खुद्द गांधीजींचे उदाहरण बोलके आहे. १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी डॉक्टरी धंद्यावर कडक टीका केली होती. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले, आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. गांधीजी वाचले. त्यानंतर बावीस वर्षांनी ते उरुळीला आले. त्या रात्री मातीच्या पट्टीवर भागवले असते, तर उरुळीचा निसर्गोपचार जन्मालाच आला नसता!

म्हणून मी एक नियम सुचवितो. जे दुखणे चार दिवस थांबल्याने बिघडत नाही, तेथे निसर्गाला अवधी द्यावा. जेथे थांबल्याने बिघडते, तेथे घटकाभरही दवडू नये. छातीत कळ येऊन घाम फुटणे. तोंड वाकडे होणे, हातपाय एकाएकी लुळा पडणे. उसाच्या फडात साप चावणे किंवा विंचू डसणे. पाणीही न पिणारे मूल. तीन दिवसांवर न उतरणारा ताप. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला : यांत पाला, मंत्र, माती काही नको, सरळ दवाखाना गाठावा. विंचवाचेच पाहा. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून दाखविला, आणि पूर्वी जेथे शंभरांतले तीस-चाळीस दगावत, तेथे मृत्यू अगदी थोडे उरले. पाल्याचा लेप हे करू शकला नसता. सांधेदुखीवर 'केवळ जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांपासूनही जपावे. अशा पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. आठ दिवसांत चमत्कार दिसतो, आणि पुढे हाडे झिजतात.

शेवटी पुन्हा उरुळीला जाऊ. गांधीजी दिल्लीला निघून गेले. मागे राहिले मणिभाई देसाई, सुरतेकडचे पंचविशीतले तरुण. त्यांनी आपले आयुष्य त्या गावाला दिले. रोग्याला दूध आणि फळे सांगणे सोपे होते. पण गरिबाच्या घरी दूध कोठून येणार? आश्रमाच्या जोडीला गीर गाईंची गोशाळा आली, फळबागा आल्या, आणि १९६७ साली मणिभाईंनी 'भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन' म्हणजे 'बाएफ' ही संस्था स्थापून गोपालनाचे काम देशभर नेले. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ साली ते वारले. निसर्गोपचारापासून निघालेला हा माणूस गोठ्यापर्यंत आणि शेतापर्यंत पोचला, कारण आरोग्याचा रस्ता तिकडूनच जातो हे त्याला दिसले.

आज निसर्गोपचाराच्या नावाने बाटल्या आणि डबे विकले जातात, आणि श्रीमंतांसाठी आठवड्याचे पॅकेज निघते. उरुळीच्या त्या यादीत विकण्यासारखे काहीच नव्हते, हे आपण विसरू नये. स्वच्छ पाणी, साधी भाकरी, थोडे श्रम, पुरती झोप, मोकळी हवा आणि गरज पडताच डॉक्टर, एवढेच आपल्याला हवे आहे. उद्या सकाळी मळ्याकडे जाताना मोटारसायकल घरी ठेवावी आणि पायी जावे. आल्यावर चहा घ्यावा. साखर मात्र एकच चमचा. आणि गोळी चालू असेल तर ती विसरू नये.